डोंगरातला साग आणि बांधावरची निलगिरी



घर केवढं आहे असं विचारलं, तर आपल्याकडची जुनी माणसं फुटांत सांगत नसत. पाच खणांचं, सात खणांचं, असं सांगत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचं धाबं. घराचं मापच लाकडावरून ठरायचं. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि नाशकातला पेशवेकालीन सरकारवाडा यांचं लाकूडकाम एकदा जाऊन जरूर पाहावं. साध्या शेतकऱ्याच्या घराची रीतही हीच, फक्त सागाच्या जागी बाभूळ नाहीतर कडुनिंब.

मग हे लाकूड गेलं कुठं? इंग्रजांना साग हवा होता तो आधी जहाजांसाठी. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडात पाण्यावर उभं आहे, यावरून काय ते समजा! आपल्या सुरगाण्याला लागून असलेल्या डांगची जंगलं इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास भिल्ल राजांकडून पट्ट्यानं घेतली. पुढं रेल्वे आली. १८६५ साली गाडी कसाऱ्याचा घाट चढली आणि रुळांखाली घालायला लाकूड लागू लागलं. १८७८ च्या वनकायद्यानं जंगलं राखीव झाली. गावाचा हात जंगलावरून सुटला तो सुटलाच. त्यानंतर लोखंड आणि सिमेंट आलं, आणि सुताराचं काम दारं-खिडक्यांपुरतं उरलं.

या गोष्टीचा दुसरा भाग आपल्याच निफाड तालुक्यातला. कुंदेवाडीचे शेतकरी आणि राज्याचे माजी मंत्री कै. विनायकदादा पाटील यांनी १९८० च्या दशकात निलगिरीची शेती केली आणि जिल्ह्यातल्या निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली. लाकूड हे शेतात घेण्याचं पीक आहे, ही गोष्ट पुष्कळांना तेव्हा प्रथम पटली. निलगिरी पाणी फार ओढते अशी ओरडही झाली. ती अगदीच खोटी नव्हती. द्राक्षबागेच्या किंवा विहिरीच्या कडेला ती लावू नये, हे आजही खरं.

पण त्या दशकाच्या अखेरीस पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात निलगिरीचे भाव कोसळले. सगळ्यांनी एकदम लावली, एकदमच तोडली, आणि विकले ते नुसते बारीक वासे. तिकडं कागद गिरण्यांना सरकारी जंगलातला माल स्वस्तात मिळत होता. कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं हे राष्ट्रीय वननीतीत आलं १९८८ साली. तोवर पुष्कळांनी खोडं उपटून टाकली होती.

आज दिवस पुन्हा फिरताहेत. केंद्रीय बांधकाम खात्यानं १९९३ साली इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली होती, ती २०२० मध्ये उठली. कारण हवेतल्या कर्बवायूचं. एक टन सिमेंट करताना अर्ध्या टनाहून जास्त कर्बवायू हवेत जातो. झाड तो वाढताना शोषून घेतं. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कर्बाचं असतं, आणि त्याची तुळई घरात आहे तोवर तो तिथंच अडकून राहतो.

मात्र तुळईसाठी झाड जाड होईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय कापलेली निलगिरी उन्हात टाकली की चिरते, वाकते. फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या ठेवून ती सावलीत हळूहळू वाळवावी लागते. कापणं आणि वाळवणं एकट्याला परवडायचं नाही. ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये, भरत कावळे यांच्या पुढाकारानं वाघाड धरणाच्या पाण्यासाठी पाणीवापर संस्था काढून चालवल्या. पाण्याचं जमलं, तर कापगिरणीचं का जमू नये? तिला वनखात्याचा परवाना लागतो, एवढं ध्यानात ठेवावं.

साग किंवा आंबा तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. निलगिरी त्या यादीत नाही. बांधावर साग लावणाऱ्यांनी झाडांची नोंद सातबाऱ्यावर वेळीच करून घ्यावी.