हरवलेला ‘सावकारी पाश’

१९५२ च्या जानेवारींत मुंबईंत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव भरला. त्यांत डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ गाजला. पुढें १९६८ मध्यें स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळानें असे जागतिक चित्रपट सभासदांपुढें आणिले. पण गरिबाचें जिणें पडद्यावर पाहण्यास रोमपर्यंत जावयास नको होतें. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं हरिभाऊ आपट्यांच्या कथेवरून १९२५ सालींच ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढिला होता. जमीन गमावून शहरांत गिरणीमजूर झालेला शेतकरी व्ही. शांताराम यांनीं रंगविला.  १९३६ सालीं पेंटरांनीं तीच कथा बोलपटांत मांडिली. त्या बोलपटांतील अंधारी झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा जे. बी. एच. वाडिया यांस पुढेंहि आठवत. मूकपटाची प्रत मात्र उरली नाहीं. कोणतेंहि चित्रमंडळ तो दाखवूं शकत नाहीं.