देवमासा, पाच हजार वॉनचे कूपन आणि एक कायदा

ऑनलाइन खेळात मिळवलेली नाणी खऱ्या पैशांत विकणे याला काय म्हणावे? जुगार, धंदा, की दोन खेळाडूंमधील साधा व्यवहार? दक्षिण कोरियाला या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या भाषेत द्यावे लागले. मात्र तो कायदा ज्या प्रकरणातून जन्मला, त्याचा ऑनलाइन खेळांशी जवळजवळ काहीच संबंध नव्हता. या धाग्यात तीच कथा.

१९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात गल्लोगल्ली 'पीसी बांग' उघडले. तासाच्या भाड्याने संगणक मिळण्याची ही ठिकाणे. सप्टेंबर १९९८ मध्ये एनसीसॉफ्ट या कंपनीचा 'लिनिएज' हा खेळ आला आणि या पीसी बांगांत रात्रीचे दिवस होऊ लागले. गढ्या जिंकायच्या, राक्षस मारायचे आणि 'आदेन' नावाचे नाणे जमवायचे. दुर्मीळ तलवारीसाठी महिनोन्महिने खपावे लागे. ज्याच्याकडे वेळ नव्हता पण पैसा होता, तो ती विकत घेऊ लागला. २००१ मध्ये तर अशा खरेदी-विक्रीसाठी 'आयटमबे' हे स्वतंत्र संकेतस्थळच निघाले. पैसे मध्यस्थाकडे ठेवायचे, खेळात वस्तू हाती आली की ते विक्रेत्याला मिळायचे. आडत्याचाच व्यवहार म्हणा ना.

आता दुसरीकडे वळू. 'बादा इयागी' म्हणजे समुद्राची गोष्ट. हा प्रौढांच्या गेम पार्लरमधील यंत्राचा खेळ. पडद्यावर मासे फिरत. पाणी काळवंडले आणि शार्क किंवा देवमासा अवतरला, की मोठे बक्षीस येणार अशी खूण. एका डावाच्या बक्षिसाला २०,००० वॉनची कायदेशीर मर्यादा होती. यंत्राने त्यावर तोड काढली होती. मोठी जीत स्मृतीत साठवायची आणि ती मर्यादेत बसणाऱ्या तुकड्यांनी, एकापाठोपाठ एक, बाहेर सोडायची. कागदोपत्री प्रत्येक तुकडा निर्दोष.

बक्षीस रोख देण्यास मनाई होती, म्हणून ५,००० वॉनची कूपने दिली जात. मूळ कल्पना अशी की त्यांतून लोक पुस्तके घेतील, सिनेमे पाहतील. प्रत्यक्षात पार्लरच्या शेजारीच एक खिडकी असे. तिथे ५,००० चे कूपन दिले की ४,५०० वॉन रोख हातात पडत. जपानमधील पाचिंकोची व्यवस्थाही याच धाटणीची : खेळाच्या जागी बक्षीस, रोकड मात्र शेजारच्या दुकानात. यंत्राला सरकारी परीक्षण मंडळाची मान्यता होती, कूपन छापणाऱ्यांनाही मान्यता होती. बेकायदा काय ते कुणालाच नेमके दाखवता येत नव्हते आणि संसार मात्र बुडत होते.

ऑगस्ट २००६ मध्ये हे प्रकरण फुटले. परवाने कसे मिळाले, कुणाच्या ओळखीने मिळाले, याचे आरोप थेट राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांच्या नातलगांपर्यंत पोहोचले. पंतप्रधान हान म्योंग-सूक यांनी जनतेची क्षमा मागितली, पाठोपाठ रोह यांनीही मागितली. ऑक्टोबरमध्ये खेळांच्या परीक्षणासाठी नवे मंडळ स्थापन झाले. जानेवारी २००७ मध्ये खेळ-उद्योग कायद्यात दुरुस्ती आली.

ही दुरुस्ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिचा रोख यंत्रावर नव्हता, शेजारच्या खिडकीवर होता. खेळातून मिळालेले कोणतेही फळ, मग ते गुण असोत, बक्षीस असो वा आभासी नाणे, त्याचे पैशांत रूपांतर करण्याचा धंदा करणे हा गुन्हा ठरला. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ कोटी वॉनपर्यंत दंड. देवमाशासाठी विणलेल्या या जाळ्यात लिनिएजचे आदेनही सापडले. नियमावलीने पुढे जाळ्याची वीण थोडी सैल केली. मनाई राहिली ती मुख्यतः डावावर लावल्या जाणाऱ्या किंवा नशिबाने मिळणाऱ्या नाण्यांना आणि गैरमार्गाने, उदाहरणार्थ स्वयंचलित प्रणाली लावून, जमवलेल्या नाण्यांना.

तरीही आदेन विकत घेऊन विकणाऱ्या दोघांवर खटला भरला गेला. डिसेंबर २००९ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका कायम केली. कारण असे की आदेन मुख्यत्वे वेळ आणि कष्ट खर्चून मिळते, नशिबाने नव्हे. म्हणजे रात्र रात्र माऊस दाबत राक्षस मारणे न्यायालयाच्या लेखी श्रम ठरले!

मराठी वाचकाला हा तराजू परका वाटू नये. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या निमित्ताने, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही कौशल्य आणि जुगार यांत हीच रेघ ओढली. कौटिल्याने मात्र असा भेद फारसा केला नाही. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, द्यूत एकाच जागी आणले आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ वसूल केले. शिवाय चोरट्या मार्गांनी जगणारे तिथे आपसूक नजरेस पडतील, हा हेतूही सांगून टाकला. त्याचा हा रोखठोकपणा मला आधुनिक कायद्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

कष्ट आणि नशीब यांची रेघ पुढे खेळ-कंपन्यांनीच पुसट केली. तलवार आता राक्षस मारून मिळेना. ती बंद पेटीत असे आणि पेटी पैसे देऊन उघडावी लागे. पैसा आत जातो, अधिकृतपणे बाहेर येत नाही, म्हणून हा जुगार नाही, असा युक्तिवाद झाला. २००७ चा कायदा खिडकीवर बेतलेला, आणि इथे खिडकीच नव्हती. जपानने मे २०१२ मध्ये संच पूर्ण करायला लावणाऱ्या 'कॉम्पू गाचा'ला चाप लावला, तोही जुगाराच्या नव्हे तर ग्राहकहिताच्या कायद्याने. कोरियाने जानेवारी २०२४ मध्ये 'मेपलस्टोरी'तील शक्यतांचे आकडे गुपचूप बदलल्याबद्दल नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला, आणि त्याच वर्षी २२ मार्चपासून पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे सक्तीचे केले.

भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्याने सरसकट बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.