दमणचे जहाज आणि सागरी इतिहासाची मांदियाळी

इतिहाससंशोधकांच्या परिषदांविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, उद्घाटकांचे छायाचित्र येते आणि विषय संपतो. तीन दिवस निबंधवाचन, मधूनमधून चहापान, पुढे काही वर्षांनी एक जाडजूड ग्रंथ आणि त्या ग्रंथाचा कपाटातील दीर्घ वनवास, अशी या परिषदांची सर्वसाधारण प्रतिमा आहे. ती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तरीही सागरी इतिहासाच्या अभ्यासकांची जी संमेलने गेल्या अर्धशतकात गोवा, लिस्बन, कोची, मकाव अशी बंदरोबंदर भरत आली, त्यांच्याकडे पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांनी थोडे निरखून पाहावे असे आम्हांस वाटते. तेथे ज्या प्रश्नाचा खल होतो तो आपल्या घरचाच आहे. आपल्या पूर्वजांचा धर्म परकीय सत्तेच्या गलबतातून आला, असे आपल्याला शेजारी ऐकवतात, आणि कधी कधी आपणच स्वतःला ऐकवतो. वास्तविक १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्याशांनी श्रद्धेसाठी प्राण दिले, तेव्हा त्यांना तेथे आसरा देणारी ख्रिस्ती कुटुंबे होती आणि वास्को द गामा जन्मालाही आला नव्हता. असो. परंतु पोर्तुगीज काळाची दोनशे वर्षे आपल्या अंगावरून पुसून टाकता येत नाहीत, हेही तितकेच खरे.

या काळाच्या अभ्यासासाठी १९७८ साली गोव्यात पहिले आंतरराष्ट्रीय इंडो-पोर्तुगीज इतिहास चर्चासत्र भरले. त्यामागे पुढाकार होता तो येशूसंघीय इतिहासकार फादर जॉन कुर्रेया-अफोन्सो यांचा. ते मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली जी इतिहास संशोधन संस्था स्थापन केली, तिची धुरा पुढे त्यांच्याकडे आली. मिशनऱ्यांनी युरोपात पाठवलेली पत्रे ही भारताच्या इतिहासाची साधने म्हणून कशी वाचावीत, यावर त्यांनी १९५५ सालीच ग्रंथ लिहिला होता.

१९७८ हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९५५ साली तुटले. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर, १९७४ च्या अखेरच्या दिवशी, दोन्ही देशांत करार होऊन संबंध पुन्हा जुळले. म्हणजे मधली जवळजवळ वीस वर्षे लिस्बनच्या संशोधकाला गोव्याच्या दप्तरखान्याचे आणि गोव्याच्या संशोधकाला लिस्बनच्या दप्तरखान्याचे दार दुर्लभ होते. अशा वेळी एका गोमंतकीय धर्मगुरूने दोन्हीकडच्या विद्वानांना, तेही गोव्याच्याच भूमीवर, एका मेजाभोवती बसवले. दुसरे चर्चासत्र १९८० साली लिस्बनला झाले, तिसरे १९८३ साली पुन्हा गोव्यात. पुढे कोची, मकाव, अझोर्स बेटांवरील आंग्रा असा हा फेरा वाढत गेला.

हे एकत्र बसणे का आवश्यक होते, ते गोव्याच्या दप्तरखान्याकडे पाहिले म्हणजे कळते. लिस्बनहून राजाचा पत्रव्यवहार घेऊन जहाजे मार्च-एप्रिलच्या सुमारास निघत आणि पावसाळी वाऱ्यांचा आधार घेत सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला पोहोचत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत निघत. राजाला प्रश्न विचारला तर उत्तराला दीड-दोन वर्षे लागत. म्हणूनच या पत्रव्यवहाराच्या बाडांना ‘मोन्सून’ हेच नाव पडले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या या दप्तराची लावालाव करण्यात आयुष्य वेचले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. परंतु या बाडांचे साठाहून अधिक खंड १७७७ साली लिस्बनला नेण्यात आले ते तिकडेच राहिले. एकाच पत्रव्यवहाराचे अर्धे अंग मांडवीच्या काठी आणि अर्धे तागूसच्या काठी! जहाज बुडाले तर पत्र बुडू नये म्हणून मिशनरी एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून धाडीत. त्यांतली कोणती प्रत कोठे पोहोचली, हे ताडून पाहायलासुद्धा दोन्ही किनाऱ्यांवरची माणसे लागतात.

आरंभी या चर्चासत्रांतून साधनांची चर्चा अधिक होती. हळूहळू प्रश्न बदलू लागले. १९७९ साली पर्वरीला झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले संचालक तेओतोनियो डिसोझा यांनी मध्ययुगीन गोव्याचा अभ्यास करताना व्हाइसरॉयच्या वाड्यापेक्षा गावकऱ्यांच्या संस्थांकडे, खेड्यावर बसणाऱ्या करांकडे अधिक लक्ष दिले. समुद्राच्या बाबतीतही तसेच झाले. ‘कार्ताझ’ या परवान्याचे उदाहरण घ्या. अरबी समुद्रात व्यापार करणाऱ्या आपल्या लोकांच्या जहाजांना पोर्तुगीजांकडून हा परवाना विकत घ्यावा लागे. जहाज कोणाचे, नाखवा कोण, कोठे जाणार, हत्यारे किती, सारे त्यात लिहिलेले असे. परवाना नसलेले जहाज पकडले जाई, माल जप्त होई. ज्या समुद्रावर शतकानुशतके कोणाचीच मालकी नव्हती त्यावर ही जकातनाकी बसली. आमच्या मते याला अन्याय हाच शब्द आहे, आणि तो उच्चारल्याने आपल्या श्रद्धेला काही उणेपणा येत नाही. सत्ता आणि शुभवर्तमान एका जहाजातून आली म्हणून ती एकच ठरत नाहीत.

१९९८ साली वास्को द गामाच्या आगमनाला पाचशे वर्षे झाली, तेव्हा हा प्रश्न रस्त्यावर आला. पोर्तुगालने तो सोहळा थाटाने साजरा केला, तर भारतात, विशेषतः गोव्यात, त्याविरुद्ध निषेधाचा सूर उठला. त्या गदारोळात ख्रिस्ती माणसाने कोणत्या बाजूला उभे राहावे, असा पेच अनेकांना पडला होता.

त्या वर्षी लिस्बनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात समुद्राशी संबंधित दोन वस्तू मांडल्या होत्या, आणि त्या दोहोंचे नाते आपल्या किनाऱ्याशी होते. पहिली म्हणजे ‘नोस्सा सेन्योरा दुश मार्तिरिश’, अर्थात हुतात्म्यांची माता, या बुडालेल्या जहाजाचे अवशेष. कोचीहून मिरी भरून निघालेले हे जहाज हजारो मैलांचा प्रवास करून १६०६ च्या सप्टेंबरमध्ये तागूसच्या मुखाशी पोहोचले आणि घराच्या उंबरठ्यावर, साओ ज्युलियाओच्या किल्ल्यासमोर, खडकांवर फुटले. जपानच्या मिशनचे काम घेऊन युरोपला निघालेले येशूसंघीय फादर फ्रान्सिस्को रॉड्रिग्ज त्यात मृत्यू पावले. पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांना तेथे तळाशी चिनी मातीची भांडी, आकाशस्थ ताऱ्यांची उंची मोजण्याची यंत्रे आणि गाळात दबलेला मलबारी मिऱ्यांचा थर सापडला. जवळजवळ चारशे वर्षे पाण्याखाली राहिलेली मिरी! इतिहासाच्या पुस्तकात ‘मसाल्याचा व्यापार’ हे दोन शब्द आपण किती सहज वाचून जातो.

दुसरी वस्तू म्हणजे ‘दों फेर्नांदो दुसरा इ ग्लोरिया’ ही शिडाची युद्धनौका. तिच्याविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत, कारण ती आपल्या शेजारच्या दमणमध्ये बांधली गेली. पोर्तुगालने भारताच्या वाऱ्यांसाठी बांधलेले हे शेवटचे शिडाचे जहाज. १८४३ साली ते दमणच्या गोदीतून पाण्यात उतरले. राणी मारिया द ग्लोरिया आणि तिचा पती फेर्नांदो यांची नावे त्याला दिली होती. परंतु ‘ग्लोरिया’ म्हणताना खलाशांच्या मनात वैभवशाली मातेचेही स्मरण असे.

जहाजाचे लाकूड आले नगर हवेलीच्या जंगलातून. हे जंगल पोर्तुगीजांकडे कसे आले, ही हकिकत मोठी चमत्कारिक आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाची पोर्तुगीज फ्रिगेट पकडली. तिच्या नुकसानभरपाईदाखल पुढे तह होऊन पेशव्यांनी नगर हवेलीचा मुलूख दिला, तो १७८३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. म्हणजे संत ॲनाच्या नावाचे एक जहाज गेले, त्याच्या मोबदल्यात सागवानाचे रान आले आणि साठ वर्षांनी त्या रानातून मरियामातेच्या नावाचे दुसरे जहाज उभे राहिले. ज्यांच्या पायाखालची जमीन अशी या हातातून त्या हातात गेली, त्या रानातल्या आदिवासींना कोणी विचारले नसणार, हे वेगळे सांगावयास नको.

बांधकामावर गिल जुझे द कोंसेइसाव या पोर्तुगीज नौकास्थापत्यकाराची देखरेख होती. मुख्य कारागीर मात्र इथला होता. पोर्तुगीज नोंदींत त्याचे नाव ‘यादो सेमोजी’ असे आढळते. त्याच्या हाताखाली पोर्तुगीज आणि हिंदी सुतार एकत्र काम करीत होते. सुतार-गवंड्याला आपण मेस्त्री म्हणतो तो शब्दच मुळी पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आपल्याकडे रुळला. दमणच्या गोदीत तो दोन्ही भाषांत एकाच अर्थाने हाकारला जात असेल.

दमणहून सांगाडा गोव्याला नेऊन तेथे डोलकाठ्या, शिडे व तोफा चढवण्यात आल्या आणि १८४५ साली हे जहाज पहिल्या सफरीवर लिस्बनला गेले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्याने लाखाहून अधिक मैल पाणी कापले. सैनिक नेले, अधिकारी नेले, तसेच हद्दपारीची शिक्षा झालेले कैदीही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन सोडले. नंतर ते नौदलाच्या तोफखान्याची शाळा झाले. विसाव्या शतकात गरीब घरच्या मुलांना आसरा आणि खलाशी शिक्षण देणारी संस्था त्याच्यावर चालू होती. १९६३ साली दुरुस्तीच्या कामात आग लागून ते जळाले आणि तागूसच्या चिखलात अर्धे रुतून पडले. असे एकोणतीस वर्षे! १९९२ साली ते पाण्यावर काढण्यात आले, तेव्हा आगीने आणि भरती-ओहोटीने खाल्लेल्या त्या सांगाड्यातही पुन्हा जहाज उभे करण्याइतका कस शिल्लक होता. १९९८ च्या प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. आता लिस्बनसमोर, तागूसच्या दुसऱ्या काठावर कासिल्यास येथे, पोर्तुगीज नौदलाच्या देखरेखीखाली ते संग्रहालय म्हणून उभे आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अशीच जपलेली आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या हातांनी घडवलेली ही दोन जहाजे पाहावयाची तर परदेशी जावे लागते, ही गोष्ट आम्हांस खटकते. ती परत मागावीत असे मात्र आम्ही म्हणत नाही. चिखलातून जहाज काढून ते पुन्हा उभे करण्याची चिकाटी ज्यांनी दाखवली, त्यांच्याकडेच ते शोभते.

आपल्याकडेही हालचाल झाली नाही असे नाही. १९७८ सालीच, म्हणजे फादर कुर्रेया-अफोन्सोंचे पहिले चर्चासत्र भरले त्याच वर्षी, व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने मुंबईत मॅरिटाइम हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. १९८७ साली जामनगरला हिंदी महासागराच्या देशांतील सागरी पुरातत्त्वाची परिषद झाली, तिच्यामागे डॉ. एस. आर. राव होते. लोथल येथील राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता दिली आहे. लोथल हे हडप्पाकालीन बंदर, तेव्हा तेथे प्राचीन वैभवाचे दालन भव्य होणार यात शंका नाही. मधल्या शतकांना, कार्ताझला, वसईच्या गोदीला, दमणच्या मेस्त्रीला तेथे किती जागा मिळते, हे आम्ही उत्सुकतेने पाहणार आहोत.

वसईचे नाव ओघाने आले. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन सालांच्या मध्ये वसईचा दगड समुद्रमार्गे गोव्याला जात होता. बॉम जेझूच्या महामंदिराच्या दर्शनी भागात जो काळा दगड आहे तो वसईकडचा. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला आपल्या धर्मग्रामांतून बसगाड्या भरून भाविक जातात. आत जाण्याच्या घाईत त्या दगडाला कोणी हात लावून पाहत नाही.

संमेलनांत आता खलाशी, सुतार, नावाडी यांच्याविषयी विचारणा होते, पण त्यांची कागदपत्रे राजदप्तरांत क्वचितच मिळतात. ती मिळाली तर आपल्यासारख्यांकडेच मिळतील. देवळातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या जुन्या नोंदवह्या वाळवीपासून आणि पावसाळी ओलीपासून सांभाळणे हे धर्मगुरूचे काम, ते आम्ही आमच्याकडे घेतो. घरांतील ट्रंका मात्र तुमच्या ताब्यात आहेत. या किनाऱ्यावरच्या कितीतरी ख्रिस्ती घरांतून आजोबा-पणजोबा आगबोटीवर नोकरीला होते. गोव्याचे खलाशी धोबीतलावच्या ‘कुडां’मध्ये उतरून बोटीची वाट पाहत. त्यांच्या नोकरीच्या पुस्तिकेत जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि कप्तानाचा वर्तणुकीविषयीचा शेरा असे. घराची डागडुजी काढताना अशी पुस्तिका हाती आली तर ती रद्दीत घालण्याआधी निदान देवळाच्या कार्यालयात दाखवावी. सोबत आजोबांचे गाव, कोणत्या बोटीवर काय काम करीत आणि घरी पत्र कोणत्या बंदरातून येई, एवढे आठवेल तसे एका कागदावर लिहून आणले तरी चालेल.