नाण्याची फेंक आणि शून्याची जागा

इ. स. १७२४ सालीं बुलढाणा जिल्ह्यांतील आमच्या साखरखेर्ड्यास निजामउल्मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला. खान रणांत पडला आणि दक्षिणेंत निजामाची सत्ता स्थिर झाली. ती लढाई पुनः लढवून जयापजयाचें प्रमाण काढणें कोणास शक्य नाहीं. इतिहासाचें नाणें एकदांच उडतें.

गणिताचें नाणें मात्र हवें तितक्या वेळां उडवितां येतें. अठराव्या शतकांत फ्रान्समधील ब्यूफों यानें ४०४० फेंकींचा हिशेब दिला. त्यांत छापा २०४८ वेळां पडला. दुसऱ्या महायुद्धांत डेन्मार्कमध्यें स्थानबद्ध असतां जॉन केरिक या गणितज्ञानें १०,००० फेंकी नोंदविल्या. छापा पडला ५०६७ वेळां. हा वृत्तांत त्यानें १९४६ सालीं प्रसिद्ध केला.

आज हेंच काम संगणक क्षणांत करतो. परंतु नवशिक्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्यें एक चूक वारंवार आढळते. छाप्यांची संख्या शून्य करण्याची आज्ञा तो आवर्तनाच्या, म्हणजे लूपच्या, आंत लिहितो. मग प्रत्येक फेंकीस मागील हिशेब पुसला जातो, आणि हजार फेंकींअंतीं उत्तर येतें शून्य किंवा एक! यंत्र तक्रार करीत नाहीं. धोका आहे तो येथेंच.

यास उपाय सोपा आहे. शून्य आवर्तनापूर्वीं एकदांच मांडावें. प्रथम दहाच फेंकी करून प्रत्येक फेंकीनंतरची संख्या पडद्यावर पाहावी, आणि छापा व कांटा यांची बेरीज दहा भरते काय, हें तपासावें. केरिकच्या १०,००० फेंकींस अर्थ आला, तो मागील एकही फेंक त्यानें पुसली नाहीं म्हणूनच.