गडावरील कोठार आणि राखीव पाणी

इ. स. १६७५ च्या एप्रिल महिन्यात शिवछत्रपतींनी फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा सासष्टी, तिसवाडी व बारदेश येथून अंत्रूज महालात आलेली देवस्थाने तेथे स्थिरावून सुमारे शंभर वर्षे लोटली होती. हा मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. किल्ल्यातील शिबंदीसाठी गोव्याच्या पोर्तुगीजांनी गुप्तपणे नावांतून अन्नसामग्री धाडली. ती मराठ्यांनी वाटेतच पकडली आणि मे महिन्यात किल्ला पडला. एकदा वेढा आवळला की बाहेरून येणाऱ्या दाण्यावर भिस्त ठेवता येत नाही. आत काय साठविले आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, यावरच माणसांचे प्राण अवलंबून असतात.

याच्या उलट चित्र पन्हाळ्याचे. इ. स. १६६० च्या मार्चपासून जुलैच्या मध्यापर्यंत सिद्दी जौहरचा वेढा तेथे होता. गडाच्या मध्यभागी अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या नावांच्या भक्कम दगडी कोठ्या आजही उभ्या आहेत. बाहेरून जिना चढून छतावर जावयाचे आणि प्रत्येक घुमटीच्या माथ्यावरील छिद्रातून धान्य आत सोडावयाचे, अशी योजना. वरी, नागली आणि भात ही येथील मुख्य धान्ये. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. नागली म्हणजे नाचणी. तिचा बारीक, टणक दाणा नीट वाळविला असता किडीस सहसा दाद देत नाही व वर्षानुवर्षे टिकतो. तांदळापेक्षा टरफलासकट ठेवलेले भात अधिक काळ राहते, हे तर कोकण-गोमंतकातील प्रत्येक घरास ठाऊक आहे.

तथापि कोठी भरणे हे काम सोपे. ती राखणे कठीण. रामचंद्रपंत अमात्यांच्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’चे खरे मोल येथे आहे. या ग्रंथातील राजनीतीची चर्चा पुष्कळ होते, त्यातील घरकारभाराची मात्र फारच थोडी. धान्यगृहांस अग्नी, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होऊ नये म्हणून भुई दगडांनी गच्च करावी, असे अमात्य बजावतात. पाण्याविषयी तर ते अधिकच दक्ष. गड बांधण्यापूर्वी प्रथम पाणी पाहावे. एक झरा आहे म्हणून स्वस्थ न बसता आणखी दोनचार टाकी बांधावी व त्यांतील पाणी एरवी खर्चू देऊ नये. यालाच ते जखिऱ्याचे पाणी म्हणतात. युद्धात तोफांच्या दणक्याने झरे आटतात, असे कारण ते देतात. या कारणाविषयी कोणास शंका असो. नियम मात्र बिनतोड आहे.

उंदराचे भय केवळ धान्यापुरते नव्हते. चिपळूणच्या मुक्कामी असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींनी १६७३-७४ च्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा व वैरण आताच उधळली तर पुढे मिळणार नाही आणि घोडी मरतील, असा इशारा त्यात आहेच. पण रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताची गंज पेटेल, इथवर त्यांची नजर पोहोचली आहे. राज्य उभारणारा पुरुष दिव्याच्या वातीची काळजी वाहतो, हे आजच्या वाचकास नवल वाटेल.

औषधोपचाराचीही तजवीज होती. गडावर रसायनवैद्य, झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य आणि जखमा बांधणारे असावेत, असे आज्ञापत्र सांगते. कोठारातील काही जिन्नस त्यांच्याही उपयोगाचे होते. तूप जेवणात लागे, तसेच जखमेवरही. सुश्रुतसंहितेत व्रणोपचारासाठी मध व तूप सांगितले आहे, आणि जुन्या तुपाला आयुर्वेदाने औषध मानले आहे. झाडपाल्याच्या वैद्याला लागणारी ताजी पाने-मुळे मात्र कोठीत ठेवता येत नाहीत. ती वेढ्यातही गडावरच मिळावयास हवीत. आज्ञापत्रात गडावर नाना प्रकारची झाडे लावून राखण्यास सांगितले आहे. लाकडाची गरज हा तेथे मुख्य हेतू असला, तरी वैद्याचीही त्यात सोय होत असणार.

ताज्या भाजीचा विचारही सुटलेला नाही. गडावरचा केरकचरा तटाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा, ती राख परसात घालावी आणि घरोघरी भाज्या कराव्यात, अशी अमात्यांची आज्ञा आहे.