घोड्यासाठी निघालेली शाळा

मावळातलं तळेगाव दाभाडे मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर आहे, आणि महाराष्ट्रातल्या पशुवैद्यक शिक्षणाची पहिली दोन ठाणी याच मार्गाच्या दोन टोकांना उभी राहिली. पुण्यात 1862 साली लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली, मुंबईत परळला 1886 साली महाविद्यालय. तरीही मावळातल्या भातखाचरात राबणाऱ्या बैलापर्यंत ही विद्या पोहोचायला कितीतरी वर्षं गेली. माझ्या मते दोष अंतराचा नव्हता. ती विद्या ज्यांच्या गरजेतून उभी राहिली, त्यांच्या गोठ्यात मावळचा बैल नव्हता.

पुण्याची शाळा फौजेची. पलटणीचा घोडा महाग आणि लवकर न मिळणारा. तो लंगडला की तोफ अडते, म्हणून त्याच्यासाठी सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, घडवायचे. परळची गोष्ट जरा निराळी. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, त्याच साली प्राणिक्रूरता रोखणारी संस्थाही निघाली. पुढे सर दिनशा पेटिट यांच्या दानातून बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि त्याच्याच आवारात महाविद्यालय. विद्यार्थ्याला पुस्तकाबरोबर आजारी जनावर समोर मिळालं, हे या रचनेचं मोठं भाग्य. पण ते जनावर बहुतेक शहरात ओझी वाहणारं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हेही लष्करी पशुवैद्यच.

यावर कुणी म्हणेल, सरकारला गुरांची फिकीर होतीच की. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1871 साली गुरांच्या साथींवर अहवाल दिला. 1889 साली तर जंतुशास्त्राची शाही प्रयोगशाळा पुण्यातच, सायन्स कॉलेजात सुरू झाली. आक्षेप खरा आहे, आणि तो टाळता येत नाही. बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडत, नांगर थांबे आणि सारा बुडे, त्यामुळे सरकारला लक्ष घालणं भागच होतं. परंतु साथीवर संशोधन करणं वेगळं आणि गावाला डॉक्टर मिळणं वेगळं. ती प्रयोगशाळाही 1893 साली हिमालयात मुक्तेश्वरला गेली. संसर्गजन्य जंतूंसाठी एकांत हवा होता, निर्णय शास्त्राला धरूनच होता. पण पुण्यातलं केंद्र चार वर्षांत उठलं, हेही तितकंच खरं.

गावात गरज काय होती, हे फऱ्याच्या रोगात दिसतं. धडधाकट तरणं जनावर अचानक लंगडतं, फऱ्यावर सूज येते, दाबली की चरचर आवाज होतो, आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. डॉक्टरला बोलवायला वेळच उरत नाही. इथे उपयोग पावसाळ्याआधीच्या लशीचा, म्हणजे लस बनवणाऱ्याचा आणि ती घेऊन दारोदार फिरणाऱ्याचा. जखमी घोडा बरा करण्याचं कौशल्य कितीही थोर असलं तरी ते या कामी पुरं पडत नाही. इस्पितळाला जोडून वाढलेल्या शिक्षणात रोगी दाराशी येतो. मावळात डॉक्टरने बांधावर जायचं असतं.

हा तोल स्वातंत्र्यानंतर सावरू लागला. औंधला 1947 साली पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्था निघाली आणि लस पुण्यातच बनू लागली. नागपूरला 1958 साली, परभणीला 1972 साली महाविद्यालय झालं; पश्चिम महाराष्ट्राच्या शेतकऱ्याजवळ, शिरवळला, ते यायला 1988 साल उजाडलं. परळनंतर तब्बल 102 वर्षांनी. बुळकांडीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1995 साली आढळला, आणि तो विजय गावोगाव टोचणी करत फिरलेल्या माणसांचाही आहे.