नव्या संचात, खुणांच्या भाषेत: ब्रॉडवेने ही नाटकं विकली कशी?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्यात राजे-महाराजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आज बोलायचंय जाहिरातीबद्दल. तीही नाटकाच्या.

आपल्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान डोळ्यांसमोर आणा. 'नव्या संचात', 'लोकाग्रहास्तव', 'मोजकेच प्रयोग'. जुनं नाटक परत उभं करणाऱ्या निर्मात्याला तेवढ्याशा चौकटीत एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: हे तर लोकांनी पाहिलंय, मग परत पैसे का द्यायचे? बहुतेक वेळा ते उत्तर म्हणजे एखाद्या नटाचं नाव असतं.

आता समजा, त्या नव्या संचातले बरेचसे कलाकार कर्णबधिर आहेत. संवाद हातांनी, गाणीसुद्धा हातांनी. आणि तिकीट काढणारे बहुतेक सगळे ऐकू येणारे. मग चौकटीत काय छापायचं? खरं सांगितलं तर लोक म्हणतील, "आपल्याला कळेल का?" लपवलं तर ती फसवणूक. आणि जरा जास्त गहिवरून सांगितलं की तो होतो 'मदतीसाठी प्रयोग'. म्हणजे तिकीट घ्यायचं, पुण्य पदरात पाडायचं आणि नाटकाला जायचंच नाही!

या कोड्याशी अमेरिकन रंगभूमी गेली पन्नासहून जास्त वर्षं झटापट करतेय. तिचीच आज गोष्ट.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. 'मूकबधिर' हा शब्द मी वापरणार नाही. ऐकू न येणारा माणूस मुका नसतो, त्याची भाषा हातांत आणि चेहऱ्यावर असते. आणि हो, ही भाषा जगभर एकच नाही. अमेरिकेची वेगळी, ब्रिटनची वेगळी, भारताची वेगळी. बाकी हा पॉडकास्ट असल्यामुळे ज्यांच्याबद्दल बोलतेय त्यांच्यातल्या अनेकांना तो ऐकता येणार नाही, ते फक्त हे लिखित रूप वाचू शकतील. आपला ग्राहक नक्की कोण, हा प्रश्न असा आपल्या घरातूनच सुरू होतो.

तर, १९५९. ब्रॉडवेवर 'द मिरॅकल वर्कर' आलं, हेलन केलर आणि तिच्या शिक्षिकेचं नाटक. शिक्षिकेच्या भूमिकेत होती अ‍ॅन बँक्रॉफ्ट. त्या निमित्ताने तिला खुणांच्या भाषेची ओढ लागली आणि तिच्या आजूबाजूच्या नाटकवाल्यांमध्ये कर्णबधिर कलाकारांच्या कंपनीची कल्पना फिरू लागली. ती तडीस नेली डेव्हिड हेज नावाच्या नेपथ्यकाराने. १९६७ साली कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरफर्डला 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ' सुरू झालं.

त्याच वर्षी एनबीसी या टीव्ही वाहिनीने त्यांच्यावर एक तासाचा कार्यक्रम केला. आणि विरोध कुणी केला माहितीये? अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने! बेल म्हणजे टेलिफोनवाले. तुमच्या हातातल्या यंत्राचे खापरपणजोबाच म्हणा. कर्णबधिर मुलांनी खुणा न करता ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकावं, असं बेल यांचं मत होतं. संस्थेला वाटलं, टीव्हीवर खुणा इतक्या देखण्या दिसल्या तर पालकांवर चुकीचा परिणाम होईल. म्हणजे बघा, नाटकाची जाहिरातच धोकादायक ठरली. खुणांची भाषा ही खरोखरची भाषा आहे हे विल्यम स्टोकोने १९६० मध्ये व्याकरणाच्या अंगाने मांडलं होतं, पण ते अजून अभ्यासकांपुरतंच होतं. कार्यक्रम शेवटी दाखवला गेला.

हेजचा आग्रह असा की याला समाजसेवा म्हणायचं नाही. ही नाट्यकला आहे, डोळ्यांना दिसणारी कविता आहे, असंच सांगायचं. कंपनीत ऐकू येणारे एक-दोन नट असत, ते संवाद मोठ्याने म्हणत. त्यामुळे "कळेल का?" ही भीती मिटली. १९७७ मध्ये कंपनीला खास टोनी पुरस्कार मिळाला. हेजची युक्ती मला पटते, पण तिची किंमत होती. 'हातांचं सौंदर्य' विकताना ते हात काय बोलतायत हे मागे पडू शकतं. परक्या भाषेतलं गाणं आपण 'काय गोड आहे' म्हणत ऐकतो ना, तसं.

१९८०. मार्क मेडॉफचं 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' ब्रॉडवेवर आलं. बोलायला शिकवणारा शिक्षक जेम्स आणि बोलायला साफ नकार देणारी सारा. साराची भूमिका केली फिलिस फ्रेलिकने, आणि टोनी मिळवणारी ती पहिली कर्णबधिर अभिनेत्री ठरली. कर्णबधिर भूमिका कर्णबधिर नटांनीच कराव्यात, अशी मेडॉफची अट होती. उत्तमच. पण या नाटकाची रचना बारकाईने बघा. सारा खुणांनी जे म्हणते, ते जेम्स तिथल्या तिथे मोठ्याने म्हणून दाखवतो. म्हणजे ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला काहीच कष्ट नाहीत. आणि मंडळी, ज्या बाईला कुणी आपल्या वतीने बोललेलं नकोय, तिचं प्रत्येक वाक्य पुरुषाच्या तोंडून आपल्यापर्यंत येतं! १९८६ मध्ये सिनेमा आला, मार्ली मॅटलिनला एकविसाव्या वर्षी ऑस्कर मिळालं, आणि हा साचा जगभर पोचला.

इथे आपल्याकडचा एक संदर्भ देते. १९९६ चा 'खामोशी'. गोव्यातलं कुटुंब, कर्णबधिर आई-बाप म्हणजे सीमा बिस्वास आणि नाना पाटेकर. काम दोघांचंही ताकदीचं, पण दोघंही ऐकू येणारे.

पुनरुज्जीवनाचा खरा अध्याय सुरू होतो लॉस एंजेलिसच्या 'डेफ वेस्ट थिएटर'पासून. एड वॉटरस्ट्रीट या कर्णबधिर कलाकाराने १९९१ मध्ये ही संस्था काढली. दहा वर्षांनी त्यांनी हात घातला थेट म्युझिकलला: 'बिग रिव्हर', म्हणजे मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनची गोष्ट. मूळ म्युझिकल १९८५ चं, त्या वर्षीचं टोनी मिळवलेलं. जेफ कॅलहूनने बसवलेला नवा प्रयोग २००१ मध्ये एका छोट्या थिएटरात झाला, पुढच्या वर्षी मार्क टेपर फोरमला, आणि २००३ मध्ये ब्रॉडवेवर.

यातली एक गोष्ट मला जाहिरात म्हणूनही आणि नाटक म्हणूनही फार आवडते. हकच्या भूमिकेत टायरॉन जिओर्डानो हा कर्णबधिर नट. त्याला आवाज कुणाचा? रंगमंचावर मार्क ट्वेन म्हणून वावरणाऱ्या डॅनियल जेंकिन्सचा, जो १९८५ मध्ये स्वतः हक होता! जुन्या प्रेक्षकाला ओळखीचा आवाज आणि नवा हक, दोन्ही एकाच तिकिटात. हकच्या दारुड्या बापाचं काम तर दोन नट एकाच वेळी करायचे, एक खुणांनी, एक आवाजाने. त्यातला खुणा करणारा होता ट्रॉय कोत्सुर. हो, 'कोडा'मधला बाप, ज्याला २०२२ मध्ये ऑस्कर मिळालं तोच.

आणि मग तो प्रसंग. समूहगीत रंगात आलेलं असताना संगीत आणि आवाज एकदम बंद. सगळा संच तसाच गातोय, फक्त हातांनी. थिएटरात चिडीचूप. परीक्षणं लिहिणारे या क्षणाबद्दल लिहीत राहिले. कुठलीही चौकट देऊ शकली नसती अशी जाहिरात त्या काही सेकंदांनी केली. अर्थात एक व्यावहारिक आधारही होता. हा प्रयोग राउंडअबाउट या ना-नफा संस्थेने आणला होता आणि तिच्याकडे वर्षाची वर्गणी भरणारे सभासद असतात. एकेक तिकीट शून्यातून विकायचं नव्हतं.

'स्प्रिंग अवेकनिंग'ला हा आधार नव्हता. निर्माता केन डेव्हनपोर्ट. याने २०११ मध्ये 'गॉडस्पेल' या म्युझिकलसाठी सामान्य लोकांकडून छोट्या-छोट्या रकमा गुंतवून घेतल्या होत्या, म्हणजे विक्रीचं डोकं असलेला माणूस. पण अडचण मोठी होती. मूळ म्युझिकल २००६ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं, २००९ च्या जानेवारीत बंद झालेलं. आणि हे परत आणणार २०१५ मध्ये! इतक्या लवकर? लोकांच्या प्लेलिस्टमधून गाणी अजून उतरलेली नव्हती.

याचं उत्तर दिग्दर्शक मायकल आर्डनकडे होतं, आणि ते इतिहासातून आलेलं होतं. नाटकाचं मूळ म्हणजे फ्रांक वेडेकिंडचं १८९१ चं जर्मन नाटक. वयात येणारी मुलं, त्यांना काहीच न सांगणारे आई-बाप आणि मास्तर, आणि त्यातून झालेला नाश. आता तारीख बघा. त्याच्या अकरा वर्षं आधी, १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधी, त्यांत कर्णबधिर एकच. ठराव झाला: शाळांमध्ये खुणा नकोत, फक्त तोंडी बोलणं. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खुणा केल्या म्हणून शिक्षा झाल्या. तो ठराव चुकीचा होता हे त्याच परिषदेच्या परंपरेतल्या लोकांनी अधिकृतपणे मान्य केलं २०१० मध्ये. एकशे तीस वर्षांनी!

आर्डनच्या प्रयोगातल्या वर्गात मास्तर मुलांना तोंडानेच उत्तर द्यायला लावतात. मॉरित्स नापास होतो तो त्याला येत नाही म्हणून नाही, तर त्याचं 'येणं' मास्तरांना चालत नाही म्हणून. आई-बाप मुलांशी बोलत नाहीत हे मूळ नाटकाचं दुखणं, पण इथे ते अक्षरशः खरं होतं. डॅनियल डुरँट (हाही नंतर 'कोडा'मध्ये दिसला) खुणांनी मॉरित्स करतो, आणि दुसरा नट गिटार घेऊन त्याच्या मनातल्या आवाजासारखा बाजूला उभा राहतो.

"इतक्या लवकर परत का?" याचं उत्तर आता 'नव्या संचात' एवढंच नव्हतं. नाटकात ही गोष्ट दडलेलीच होती, तुम्ही मागच्या वेळी पाहिली नाहीत, असं ते उत्तर होतं. आर्डन मुलाखतींमध्ये मिलानबद्दल बोलायचा, आणि पत्रकारांनाही 'जिद्दीच्या कहाणी'पेक्षा वेगळं काहीतरी लिहायला मिळायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हुशार विक्री आहे, कारण तिला सोयीचं काहीही लपवावं लागलं नाही. मोठी नावंही होती म्हणा, संचात मार्ली मॅटलिन होती. पण मुख्य भूमिकांत नवखी पोरंच.

तरी पैशाचं गणित सोपं नसतंच. ठरावीक मुदतीचा हा खेळ जानेवारी २०१६ मध्ये संपला. मे महिन्यात टोनीची नामांकनं आली, सर्वोत्तम पुनरुज्जीवनासाठीसुद्धा. पण नाटक बंद झालेलं, तिकीट विक्री नाही, आणि टोनी सोहळ्यात गाणं सादर करायचा खर्च भलामोठा. एरवी निर्माते तो करतात, कारण त्या तीन-चार मिनिटांनी पुढची तिकिटं खपतात. इथे खपवायला काही उरलंच नव्हतं! शेवटी किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणी काढली, आणि संच टोनीच्या मंचावर उभा राहिला. विकायला माल नसताना केलेली ही जाहिरात कशाची होती, तुम्हीच ठरवा.

२०१८ मध्ये जुना साचा परतला. 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड'चं ब्रॉडवेवर पुनरुज्जीवन, जेम्स म्हणून टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा जोशुआ जॅक्सन. सारा झालेली लॉरेन रिडलॉफ मुळात दिग्दर्शक केनी लिऑनला खुणांची भाषा शिकवायला आली होती! तिला टोनी नामांकन मिळालं, पण नाटक ११ एप्रिलला उघडून २७ मेला बंद. मोठं नाव होतं, गाजलेलं शीर्षक होतं. पण 'आज, परत, का?' याचं उत्तर त्या प्रयोगाकडे नव्हतं असं मला वाटतं. जेम्स अजूनही साराच्या वतीने बोलतच होता. रिडलॉफला तुम्ही ओळखता बरं का. 'इटर्नल्स'मधली मकारी तीच.

आणि ताजी खबर. लॉस एंजेलिसचं मार्क टेपर फोरम, जिथे १९७९ मध्ये 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' आणि २००२ मध्ये 'बिग रिव्हर' झालं, त्याने २०२३ मध्ये पैशांअभावी आपली नाटकं थांबवली होती. २०२४ च्या हंगामात तिथे डेफ वेस्टबरोबर पुनरुज्जीवन झालं ते ग्रीन डेच्या गाण्यांवरच्या 'अमेरिकन इडियट'चं. दिग्दर्शक भारतीय वंशाचा स्नेहल देसाई, मुख्य भूमिकेत डॅनियल डुरँट. अडचणीत आलेल्या थिएटरने गर्दी खेचायला निवडलेलं हे नाटक होतं. मदतीसाठी प्रयोग नव्हे.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. आणि तुमच्या ओळखीत कुणी कर्णबधिर नाटकवेडं असेल, तर त्यांना हे पान पाठवा, ऑडिओ नको.